बिल्ल्याच्या कडेवरचे नाव

काही महिन्यांपूर्वी नवी पेठेतल्या एका लहान सभागृहात एक परिसंवाद ऐकायला गेलो होतो. पहिल्या महायुद्धावर गेलेल्यांच्या स्मरणार्थ इंग्रज अमदानीत गावोगावी बसवलेल्या संगमरवरी पाट्या जपाव्यात की काढून टाकाव्यात, असा विषय होता. पहिल्या वक्त्यांच्या मते त्या पाट्या म्हणजे गुलामीचे गोंदण. महिना अकरा रुपयांसाठी परक्या राजाच्या लढाया लढणाऱ्यांचे स्मारक स्वतंत्र देशाने कशासाठी सांभाळायचे? दुसऱ्या वक्त्यांनी पानिपतापासून सुरुवात केली, क्षात्रतेज आणि दऱ्याखोऱ्यांतले वाघ असे करत करत ते इराकमधल्या बसऱ्यापर्यंत आले आणि पूर्वजांचा अपमान खपवून घेतला जाणार नाही, असे बजावून खाली बसले. टाळ्या दोघांनाही सारख्याच पडल्या. शेवटी मागच्या रांगेतल्या एक वयस्कर बाई उठल्या. "माझे आजोबा पलटणीत होते, एवढेच घरात सांगायचे. ते नेमके कुठे होते, हे कुठे कळेल?" असे त्यांनी विचारले. सूत्रसंचालकांनी हसून, प्रश्न विषयाला धरून विचारण्याची त्यांना विनंती केली.

माझ्या मते त्या सायंकाळी विषयाला धरून विचारला गेलेला तेवढा एकच प्रश्न होता. दोन तासांत दोन्ही बाजूंनी मिळून एकाही शिपायाचे नाव घेतले नाही, एकाही पलटणीचा क्रमांक सांगितला नाही आणि एकही कागद दाखवला नाही. ज्याच्याविषयी आपल्याला काहीच ठाऊक नाही, त्याचा गौरव आणि त्याचा धिक्कार यांत फारसा फरक उरत नाही. दोन्हींत बोलणारा स्वतःविषयीच बोलत असतो. म्हणून माझे म्हणणे असे आहे की, आपल्या घरातले, गावातले कोण लढाईवर गेले, कोणत्या पलटणीत, कोणत्या कामावर, कुठे, आणि परत आले की नाही, हे शोधून काढणे हे आधीचे काम आहे. आणि ते कुणालाही करता यावे म्हणून स्वातंत्र्यपूर्व काळातील सैनिकांच्या सेवेचे कागद सरकारने खुले केले पाहिजेत. निवाडा ज्याला करायचा असेल त्याने त्यानंतर खुशाल करावा.

हा वाद पुण्यातच बिघडला आहे असे नाही. २०१८ च्या जानेवारीत दिल्लीतील तीन मूर्ती चौकाला हैफा शहराचे नाव जोडण्यात आले, कारण २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडदळाने ते शहर जिंकले होते. हे घोडेस्वार साम्राज्याच्याच बाजूने लढत होते. पुढे २०२२ च्या जानेवारीत इंडिया गेटची अमर जवान ज्योत राष्ट्रीय युद्धस्मारकाच्या ज्योतीत विलीन झाली, तेव्हा इंडिया गेटवरची नावे इंग्रजांसाठी लढलेल्यांची आहेत आणि ती वास्तू वसाहतीच्या काळाची खूण आहे, असे समर्थन ऐकू आले. एकाच युद्धातले, एकाच सेनेतले सैनिक चार वर्षांच्या अंतराने एकदा अभिमानाचे आणि एकदा अडचणीचे ठरले. विरोधकांनीही बाजू तितक्याच तत्परतेने बदलल्या. माणसे अनोळखी ठेवली की त्यांचा असा वापर फार सोपा जातो.

आता विरोधी बाजूचे सर्वांत वजनदार म्हणणे आधी मान्य करू. ती सेना साम्राज्याचे हत्यार होती, यात शंका नाही. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी इराणच्या आखाताच्या तोंडाशी फाओ येथे उतरलेली फौज सहाव्या डिव्हिजनची होती आणि त्या डिव्हिजनचे नावच 'पूना डिव्हिजन' होते. ती तिथे गेली ती अबादानच्या तेलासाठी आणि आखातावरच्या इंग्रजी वर्चस्वासाठी. साताऱ्याच्या किंवा रत्नागिरीच्या शेतकऱ्याचे त्यात काडीचेही हित नव्हते. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत हुकूम इंग्रज अधिकाऱ्याचा होता, पण बंदुका हिंदी आणि गुरखा शिपायांच्याच खांद्यांना होत्या. हे सारे 'शौर्य' या एका शब्दाखाली झाकणाऱ्यांशी माझे जमत नाही.

पण सेनेवरचा निवाडा शिपायावर जसाच्या तसा लादता येतो का? साम्राज्याचा पगार खाणे हाच गुन्हा असेल, तर तो पलटणीपुरताच का मोजायचा? पुणे हे एकेकाळी पेन्शनरांचे शहर म्हणून ओळखले जाई. ती पेन्शने कोणत्या तिजोरीतून येत होती? मामलेदार, सबजज्ज, कलेक्टर कचेरीतले शिरस्तेदार, पोस्टमास्तर हे सगळे त्याच सरकारचे चाकर होते, आणि त्यांतल्या रावसाहेब-रावबहादुरांच्या तसबिरी आजही सदाशिव पेठेतल्या कित्येक दिवाणखान्यांत हाराखाली सुखाने टांगलेल्या आहेत. लेखणीची चाकरी ती प्रतिष्ठा आणि बंदुकीची चाकरी ती गद्दारी, हा हिशेब मला तरी जातीचा आणि वर्गाचा वाटतो. आणि ज्यांच्या देशभक्तीबद्दल कुणी शंका घेणार नाही त्या टिळकांनी भरतीविषयी काय भूमिका घेतली होती? जून १९१८ मध्ये मुंबईला गव्हर्नर विलिंग्डन यांनी बोलावलेल्या युद्धपरिषदेत टिळक गेले, स्वराज्याच्या मागणीशी सहकार्याची सांगड घालू लागले आणि बोलू दिले जाईना तेव्हा सभा सोडून बाहेर पडले. सहकार्याला त्यांची ना नव्हती. हिंदी माणसाला अधिकारपदे आणि स्वराज्याचे हक्क देणार की नाही, असा त्यांचा सवाल होता. त्याच उन्हाळ्यात गांधीजी खेडा जिल्ह्यात भरतीसाठी गावोगाव हिंडत होते. पुढाऱ्यांच्या भूमिकेतली गुंतागुंत आपण समजून घेतो, त्यांच्या शब्दावर किंवा पोटासाठी गेलेल्या शिपायाला मात्र एका शब्दात निकालात काढतो.

दुसऱ्या महायुद्धात हा प्रश्न आणखी अवघड होतो. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले, हजारो हिंदी सैनिक जपानच्या कैदेत गेले आणि त्यांतले पुष्कळजण आझाद हिंद सेनेत सामील झाले. अशा माणसाच्या आयुष्यात राजाची शपथ आणि नेताजींची शपथ यांच्यामध्ये फार थोडेच अंतर आहे. एका बाजूने त्याला भाडोत्री म्हणावे, दुसऱ्या बाजूने स्वातंत्र्यसैनिक. आणि जो कैदेत राहूनही सामील झाला नाही किंवा इटलीत लढत राहिला त्याचे काय? १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात धारातीर्थी पडलेले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे फॅसिस्ट आणि नाझी सत्तेविरुद्धच्या युद्धात मेले, हेही खरेच आहे. अशा आयुष्यांची वर्गवारी करायला घोषणा अपुऱ्या पडतात. तिथे तारीख लागते, पलटण लागते, कागद लागतो.

पाट्यांकडे परत येऊ. त्यांवरचा मजकूर सगळीकडे जवळजवळ एकाच साच्याचा आहे: या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याजवळच्या, लोकांच्या तोंडी 'मिलिटरी अपशिंगे' झालेल्या गावाचा ४६ मृतांचा आकडा बऱ्याच जणांना पाठ असतो. पण आकड्याखाली नावे नाहीत. गुलामीची खूण म्हणून पाटी उखडून काढू पाहणाऱ्यांनी आणि शौर्याची खूण म्हणून तिला हार घालणाऱ्यांनी, दोघांनीही या रिकाम्या जागेकडे नीट पाहिलेले नाही. ही रिकामी जागा अपघाताने राहिलेली नाही. फ्रान्समध्ये न्यू शापेल येथे १९२७ साली जे स्मारक उभे राहिले, त्यावर ज्यांची कबर किंवा चितास्थान ठाऊक नाही अशा ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे कोरलेली आहेत. बसऱ्याच्या स्मारकावर मात्र अधिकाऱ्यांची नावे आली आणि हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणवार संख्या आली. युरोपातल्या प्रवाशाच्या नजरेस पडेल तिथे नाव, वाळवंटात आकडा! ही स्मारके उभारून सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने एप्रिल २०२१ मध्ये स्वतःच्याच इतिहासाचा अहवाल प्रसिद्ध केला, त्यात हे उघड मान्य केले आहे. मुख्यतः हिंदी, आफ्रिकी आणि इजिप्शियन अशा ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण इतरांच्या बरोबरीने झाले नाही, आणि किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, माणसांचे नावानिशी स्मरण झालेच नाही. म्हणजे या शिपायांना विसरण्याचे काम साम्राज्याने आपल्याआधीच सुरू करून ठेवले होते. वसाहतवादाला विरोध म्हणून आज आपणही त्यांची नावे शोधायची नाहीत असे ठरवले, तर त्या वसाहतवादी कारकुनाचे अपुरे काम आपण पूर्ण करणार आहोत, एवढेच.

पुणेकरांच्या तर हे अगदी दाराशी आहे. खडकीच्या युद्धस्मशानभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या १,६०० हून अधिक सैनिकांच्या कबरी आहेत, आणि तिथल्याच १९१४-१८ च्या स्मारकावर, भारतात आणि आजच्या पाकिस्तानात विखुरलेल्या स्मशानभूमींत पुरलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांची नावे एकत्र आणलेली आहेत. गवत कापलेले, अक्षरे स्वच्छ. त्याच पुण्याचे नाव लावणारी सहावी डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत आजच्या इराकमधल्या कुत येथे तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. तीत १०३ आणि ११० क्रमांकाच्या मराठा लाइट इन्फन्ट्री होत्या, ११७ वी मराठा पलटण होती. धान्य संपत आले तेव्हा घोड्याचे मांस खायला पुष्कळ हिंदी शिपाई बराच काळ तयार झाले नाहीत, दात हलू लागले, स्कर्व्हीने माणसे आडवी झाली. शरणागतीनंतर सुमारे १३ हजार माणसे कैद झाली. डिव्हिजनचे सेनापती जनरल टाउनशेंड कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर आरामात राहिले आणि शिपायांना वाळवंटातून चालवत बगदाद रेल्वेच्या कामावर नेण्यात आले. लक्ष्मी रस्त्यावर कुणालाही विचारा, पानिपतावर कोण कुठे उभे होते ते सांगतील. कुत हे नावही दहांतल्या नऊजणांनी ऐकलेले नसेल.

इथे माझ्या घरची गोष्ट सांगतो, कारण माझे मत तिथून बनले आहे. आमचे पणजोबा 'बसऱ्याच्या लढाईत हवालदार होते', असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्यांचा बिल्ला आत्याच्या देवघरात, हळदीकुंकवाच्या जुन्या करंड्याशेजारी, एका पितळी डबीत असे आणि दसऱ्याला त्याची पूजा होई. चार वर्षांपूर्वी तो मी पहिल्यांदा उजेडात, भिंगाखाली धरून नीट पाहिला. एका बाजूला पंचम जॉर्जचे डोके, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा नग्न पुरुष आणि १९१४, १९१८ ही साले. बिल्ला लालसर होता, कास्याचा. हे बिल्ले लढाऊ शिपायांना चांदीचे मिळत. मजूर, हमाल, कोठीवाले अशा बिगरलढाऊंसाठी कास्याचे पाडलेले होते. कडेवर, नखाने शेंदूर खरवडल्यावर, आधी एक आकडा लागला, मग 'लेबरर' हा शब्द, मग इंग्रजी स्पेलिंगात ओळखू न येण्याइतके मोडलेले पणजोबांचे नाव आणि शेवटी 'लेबर कोर'. हवालदारकी कुठेच नव्हती. पणजोबा बहुधा बसऱ्याच्या बंदरावर माल उतरवत होते. युद्ध सुरू झाले तेव्हा तिथे मोठी जहाजे लागतील असा धड धक्काही नव्हता, आणि सारी फौज, सारा दाणागोटा होड्यांतून आणि माणसांच्या पाठीवरून उतरत होता. आत्याने भिंग माझ्या हातातून काढून घेतले, डबीचे झाकण लावले आणि म्हणाली, "हे चारचौघांत सांगायची काही गरज आहे का? हवालदारच राहू देत त्यांना."

आत्याचा राग मला समजतो. शंभर वर्षे हवालदार असलेला माणूस एका दुपारी हमाल झाला. पण मला त्या दुपारपासून पणजोबा पहिल्यांदा खरे वाटू लागले. सरकारी आकड्यांनुसार पहिल्या महायुद्धात १९१९ अखेरपर्यंत हिंदुस्थानातून सुमारे १४ लाख ४० हजार माणसे भरती झाली. त्यांत साडेपाच लाखांहून अधिक बिगरलढाऊ होती. खेचरे हाकणारे, पाणके, धोबी, भंगी, डोलीवाले, रस्ते खोदणारे. परिसंवादातल्या दोन्ही वक्त्यांच्या चित्रात या माणसांना जागाच नाही. पाठीवर पोते घेऊन फळीवरून चालणाऱ्या माणसाला भाडोत्री मारेकरी म्हणता येत नाही आणि रणधुरंधरही म्हणता येत नाही. तो चित्रात यायचा असेल तर आधी त्याची नोंद वाचली पाहिजे. आणि एक गंमत अशी की, आमचा बिल्ला टिकला तो कास्याचा होता म्हणूनच. शेजारच्या दोन घरांतले चांदीचे बिल्ले दुष्काळात सोनाराकडे जाऊन कुणाच्या तरी पैंजणांत मिसळून गेले; त्यांच्या कडेवरची नावेही त्यांबरोबर वितळली.

यावर अभ्यासकांकडून एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. हे सगळे कागद मालकाने लिहिलेले आहेत. त्यांत शिपाई येतो तो उंची, छाती, जात आणि क्रमांक या रकान्यांत. अमुक जात लढवय्यी आणि तमुक नाही, ही साहेबाची समजूत त्या रकान्यांतच भरलेली आहे. मग अशा कागदांतून आपला पूर्वज शोधणे म्हणजे त्याच नजरेने त्याच्याकडे पाहणे नव्हे का? धोका खरा आहे. पण मग पेशवे दप्तर कुणी लिहिले होते? रयतेने? मराठ्यांच्या इतिहासाची साधने सत्तेच्या कारकुनांनीच लिहिलेली आहेत, आणि राजवाड्यांनी ती गावोगाव पायपीट करून, माळ्यांवरची दप्तरे उतरवून जमवली तेव्हा कारकुनाची नजर कुठे संपते आणि माणूस कुठे सुरू होतो, हे ओळखण्याची शिस्तही त्यांनी आणि त्यांच्यामागून आलेल्यांनी घडवली. या शहराला ती शिस्त नवी नाही. सैनिकी कागदांना तीच लावायची आहे.

लावून पाहिली की कळते की हे काम बरेच किचकट आहे. शिपायाचा क्रमांक त्याच्या पलटणीपुरताच असतो, म्हणून नुसता क्रमांक हाती असून भागत नाही. १९२२ साली पलटणींची फेररचना झाली. १०३ वी मराठा ही पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन झाली, ११० वी तिसरी, आणि कुतमध्ये झिजलेली ११७ वी 'रॉयल' हे बिरुद घेऊन पाचवी. आजोबांनी सांगितलेला आकडा कोणत्या काळातला, हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कॉमनवेल्थ कमिशनच्या नोंदीत कित्येकदा बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा सापडतो, पण 'रत्नागिरी' लिहिलेले गाव आज सिंधुदुर्गात असते, 'कोलाबा' म्हणजे रायगड, 'सातारा' म्हणजे कधी सांगलीही. आडनाव बहुतेक वेळा नसतेच. नुसता रामा, वल्द बाळा. मग गावातल्या जुन्या फेरफाराच्या नोंदी, देवळातली वर्गणीची यादी, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायाची वही, दक्षिणेकडे वंशावळी सांगणाऱ्या हेळव्याने म्हणून दाखवलेली कुळी, अशा दहा ठिकाणांहून त्या रामाला घट्ट करावे लागते. पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसातला शीट रोल, म्हणजे शिपायाच्या सेवेचा नोंदपट, मिळाला तर हे सारे एका दिवसात होईल. माझ्या अर्जाला एका कार्यालयाकडून सात महिन्यांनी एका ओळीचे उत्तर आले: सदर कालावधीचा अभिलेख उपलब्ध नाही. नष्ट झाला, दुसरीकडे गेला की कुणी पाहिलाच नाही, हे त्या ओळीत नव्हते.

नावाने काय फरक पडतो, असे ज्यांना वाटते त्यांनी पुण्यापासून तासाभराच्या अंतरावरचा कोरेगाव भीमाचा स्तंभ आठवावा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा अर्थ काय लावायचा यावरून आजही वाद आहेत आणि ते मी इथे उकरत नाही. पण कंपनी सरकारने त्या स्तंभावर मेलेल्यांची नुसती संख्या न देता नावे कोरली, आणि त्यांत शेवटी 'नाक' असलेली, म्हणजे महारांची, बावीस नावे निघाली. १८९० च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद झाली, त्यानंतर गोपाळबाबा वलंगकर आणि पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी केलेल्या अर्जांचा आधार हीच आधीच्या पिढ्यांची सेवा होती. १९२७ च्या पहिल्या दिवशी डॉ. आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले. ते स्वतः एका सुभेदाराचे चिरंजीव होते. मालकाने आपल्या विजयासाठी उभारलेल्या दगडातून, मालकाच्या मनातही नसलेला अर्थ वाचला गेला, तो नावे होती म्हणून. तिथे फक्त '४९' असा आकडा असता तर?

दुसरा गंभीर आक्षेप खासगीपणाचा आहे. सेवेच्या कागदांत शिक्षा असतात, पळून गेल्याच्या नोंदी असतात, गुप्तरोग असतात, खोटी जात सांगून झालेली भरती असते. मेलेल्या माणसाची संमती कुणी घ्यायची, आणि नातवंडांना गावात मान खाली घालावी लागली तर? माझ्या आत्याचा प्रश्न हाच होता आणि मी तो धुडकावत नाही. पण इतरांनी हा प्रश्न सोडवलेला आहे. ऑस्ट्रेलियाने पहिल्या महायुद्धातल्या आपल्या सैनिकांच्या फायली, त्यांतल्या रोगांसकट आणि दंडांसकट, स्कॅन करून सर्वांना खुल्या केल्या. ब्रिटनने अलीकडच्या काळातल्या सैनिकांसाठी जन्मानंतर ११५ वर्षांची किंवा मृत्यूच्या पुराव्याची अट ठेवली आहे. आयर्लंडचे उदाहरण आपल्याला सर्वांत जवळचे. पहिल्या महायुद्धात दोन लाखांहून अधिक आयरिश माणसे ब्रिटिश सेनेत होती; देश स्वतंत्र झाल्यावर ती सार्वजनिक स्मरणातून जवळजवळ पुसली गेली. इंडिया गेट ज्यांनी आखले त्याच लचिन्स यांनी डब्लिनमध्ये आखलेली स्मृतिबाग १९३० च्या दशकात बांधून झाली, पण तिचे औपचारिक लोकार्पण व्हायला १९८८ उजाडले. मात्र त्याच देशाने २०१४ पासून इंग्रजांविरुद्ध लढलेल्यांचे पेन्शनचे अर्जही टप्प्याटप्प्याने खुले केले आहेत, ज्यांत क्रांतिकारकांची गरिबी, भांडणे आणि फुगवलेले दावे सगळेच दिसते. दोन्ही बाजूंचे कागद उघडले म्हणून आयरिश स्वातंत्र्य कुठे पातळ झाल्याचे दिसत नाही. आपल्याकडे पेशवे दप्तरही सरकारने दीर्घकाळ संशोधकांपासून जपून ठेवले होते. सरदेसाईंच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्याचे ४५ खंड निघाले. त्याने कोणती इनामे उलटली, कोणाचे राज्य बुडाले?

कायद्याचीही अडचण सांगता येणार नाही. सार्वजनिक अभिलेखांचा कायदा १९९३ सालचा आहे. संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये युद्धेतिहासाविषयी जे धोरण जाहीर केले, त्यात २५ वर्षांनंतर कागद सर्वसाधारणपणे खुले करून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवण्याची दिशा स्पष्ट आहे. पण त्याचा रोख मोहिमांच्या आणि युद्धांच्या दप्तरावर आहे. एकेका शिपायाचा शीट रोल, त्याच्या वारसांची नोंद, त्याचे डिस्चार्ज यांकडे इतिहासाचे साधन म्हणून अजून पाहिले जात नाही. १९४७ पूर्वीचे हे कागद जिथे उरले असतील तिथून अभिलेखागाराकडे यावेत, निदान नाव, बापाचे नाव, गाव, पलटण आणि सेवेच्या तारखा एवढी सूची खुली व्हावी, रोग-शिक्षांची पाने हवी तर शंभर वर्षांपर्यंत मिटलेली ठेवावीत. यापेक्षा मोठी मागणी मी करत नाही. लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या नोंदवह्यांची सुमारे २६ हजार पाने ब्रिटनमधल्या पंजाबी वारसा संस्थेने आणि ग्रीनिच विद्यापीठाने मिळून २०२१ पासून शोधण्याजोगी करायला घेतली आणि त्यांत नोंदलेल्या पंजाबातल्या ३ लाख २० हजार सैनिकांपैकी काहींचा माग गावागणिक लागू लागला. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंच्या नातवंडांना त्यात आपले गाव सापडते. सातारा, रत्नागिरी, पुणे, कोल्हापूर यांना तसे का सापडू नये?

एक धास्ती मात्र मला स्वतःलाही वाटते. गेल्या काही वर्षांत कुणबी नोंदींच्या निमित्ताने महाराष्ट्रात मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला, जुनी रजिस्टरे धुळीतून बाहेर निघाली. हे एका अर्थी चांगले झाले. पण शोधणाऱ्याला दाखला हवा असतो, पूर्वज नको असतो. रकान्यातला एक शब्द मिळाला की वही मिटते. सैनिकी नोंदी खुल्या झाल्या तर त्यांचेही तसेच होईल, प्रत्येक जात आपापले बिल्ले मोजायला बसेल, अशी भीती एका मित्राने बोलून दाखवली. होईलही. पण कागद बंद असतानाही ही मोजणी चालूच आहे, फक्त ती अफवांच्या आधाराने चालते. वह्या उघडल्या की निदान असे होईल की, आपल्या जातीच्या शूरांची यादी करायला बसलेल्याला शेजारच्या आळीतला खेचरवाला, मुसलमान पखालजी आणि आपलाच पळून आलेला चुलत पणजोबा एकाच पानावर भेटतील.

आमच्या गावच्या चावडीतली पाटी तीनदा चुन्यात गेली आहे. अक्षरांत चुना बसून आकडे पांढऱ्यावर पांढरे झाले आहेत. कागद ठेवून पेन्सिलने घासल्यावर ते उमटले: गावातून १९ गेले, २ मेले. कमिशनच्या नोंदीत गावाचे नाव वेगवेगळ्या स्पेलिंगांनी शोधले तेव्हा मेलेले तीन निघाले. दोघे मराठा पलटणींतले शिपाई आहेत. तिसरा खेचर कोरमधला, वय दिलेले नाही, बापाचे नाव धोंडी. पाटी लिहिणाऱ्याने त्याला मेलेल्यांत धरले नाही, की मुळात गेलेल्या एकोणिसांतच धरले नव्हते, हे त्याच्या कोरची नोंदवही पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. गावात धोंडीची तीन घरे आहेत. तिघांकडेही मी जाऊन आलो. एकाने चहा दिला, एकाने वाडवडिलांच्या नावांची वही काढून दाखवली, आणि तिसऱ्या घरातल्या आजी म्हणाल्या की त्यांच्या आजेसासूचा एक दीर 'बोटीवर गेला तो गेलाच', त्याचे पान अजून पितृपक्षात वाढतात, पण नाव कुणाला आठवत नाही.